निरवानिरव: मूलबाळ नसलेल्या निवृत्तांनी सुरुवात कुठून करावी

माझी मावशी गेली तेव्हा तिच्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याची पेटी सापडली. आत तीनेकशे फोटो होते. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आम्ही तिघी, पाऊस थांबल्यावर.’ बाकी सगळे कोरे. कोण तिघी, ते सांगू शकणारी एकच बाई होती आणि ती नुकतीच गेली होती. मावशीला मूल नव्हतं. पैशाचं तिने चोख करून ठेवलं होतं, अगदी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा. पेटीबद्दल मात्र कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. ती पेटी आता माझ्या माळ्यावर आहे, आणि मलाही मूल नाही.

त्या पेटीमुळे मी या विषयाला हात घातला. मुलं असलेल्या घरांत बरीचशी कामं न सांगता कुणाच्या तरी अंगावर पडतात. बँकेत खेटे घालणं, कपाटं उपसणं, जुन्या मित्रांना फोन करून कळवणं, वीजजोड बंद करणं. मुलं ती नीट करतीलच असं नाही, पण करणारं कुणीतरी आहे हे धरलेलं असतं. आपल्याकडे तेच धरता येत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगते. ‘मागे काय ठेवायचं’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी ‘कुठलं काम कोण करणार’ ते ठरवा. दानधर्म, शिष्यवृत्ती, नावाची पाटी हे सगळं त्यानंतर.

पायरी १: एक वही, चार रकाने

कॉम्प्युटरवर करा किंवा वहीत, पण वहीत केलेलं दुसऱ्याला सापडतं. रकाने असे: काय आहे, कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे, माझ्यानंतर काय. चौथा रकाना पहिल्या दिवशी कोराच राहतो, राहू द्या. घर, ठेवी, विमा हे सगळ्यांना आठवतं. आठवत नाही ते असं: जुन्या नोकरीतलं निवृत्तिवेतनाचं खातं, भावाबरोबर संयुक्त नावाने उघडून विसरलेलं खातं, कुणाला उसने दिलेले पैसे, भाड्याच्या जागेची अनामत. तुमच्यावर असलेलं देणंही लिहा. ते लिहिलं नाही तर वाटपाचा सगळा हिशेब चुकतो, कारण देणी आधी फिटतात आणि उरलं तर वारसांना मिळतं.

वहीचं शेवटचं पान पैशात मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा. हातची कला, हत्यारं, अर्धवट लिहिलेलं काही, तुम्हालाच ठाऊक असलेली घराण्याची किंवा संस्थेची हकिगत. मी कचेरीत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली लावल्या, तरी स्वतःचं हे पान भरायला मला तीन महिने लागले.

पायरी २: माणसं नेमा

इथे घाई करू नका. सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि बहुतेक लोक तो टाळून थेट वकिलाकडे जातात. मग वकील विचारतो, ‘व्यवस्थापक कोण?’ आणि तिथे गाडी अडते.

कामं निदान चार आहेत आणि ती एकाच माणसाने करावीत असं नाही. पहिलं, तुम्ही शुद्धीवर नसताना डॉक्टरांशी बोलणं. दुसरं, तुम्ही हयात असताना पण अंथरुणाला खिळलेले असताना पैशाचे व्यवहार बघणं. त्यासाठी मुखत्यारपत्र असतं. पण साधं मुखत्यारपत्र तुमच्या मृत्यूबरोबर संपतं, आणि पुष्कळ ठिकाणी तुमचं भान हरपलं तरीही संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. त्यापुढेही टिकणारं पत्र काही देशांत करता येतं, तुमच्याकडे करता येतं का ते वकिलाला आधी विचारा. तिसरं काम मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचं: देणी फेडणं, मालमत्ता गोळा करणं, वाटणं. आणि चौथं, ज्याला कायद्यात नाव नाही: त्याच दिवशी येऊन घराचं कुलूप उघडणं, मांजराला खायला घालणं, नळ बंद करणं. यासाठी शेजारीण बरी. परगावच्या हुशार पुतण्याचा इथे काही उपयोग नाही.

व्यवस्थापक म्हणून मी पहिल्यांदा माझ्या जिवलग मैत्रिणीचं नाव लिहिलं. नवऱ्याने वही वाचली आणि म्हणाला, “तुमच्या दोघींत आधी कोण जाणार, याची पैज लागलीय का?” आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या. मी नाव खोडलं. स्वतःहून निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान माणूस शोधा, आणि त्याच्यामागे एक पर्यायी नाव लिहा. आल्फ्रेड नोबेललाही मूलबाळ नव्हतं. त्याने मृत्युपत्राचे दोन व्यवस्थापक नेमले होते. त्यांतला राग्नार सोलमन नोबेल वारला तेव्हा अवघ्या २६ वर्षांचा होता. पॅरिसमधले रोखे बाहेर काढताना तो भरलेलं पिस्तूल जवळ घेऊन घोडागाडीत बसत असे. तुमच्या व्यवस्थापकावर तशी वेळ येणार नाही. पण हे धावपळीचं काम आहे, मानाचं पद म्हणून ते कुणाला देऊ नका.

विचारायचं कसं? लग्नकार्यात, चार लोकांत ‘माझं सगळं तूच बघ हं’ असं म्हणू नका. त्यावर कुणीही हो म्हणतं. वही घेऊन बसा, कामं वाचून दाखवा, किती दिवस लागतील ते सांगा, विचार करायला आठवडा द्या. नकार आला तर त्या माणसाचे आभार माना, त्याने तुमचं मोठं नुकसान वाचवलं आहे. होकार आला तर मृत्युपत्रात त्याच्या कष्टाचा मोबदला आणि खर्चाची तरतूद लिहा. जवळच्या माणसाला पैसे द्यायचे म्हणजे कसंसंच वाटतं खरं, पण फुकटच्या कामाची टाळाटाळ जवळचीच माणसं जास्त करतात. असं कुणीच डोळ्यासमोर नसेल तर मोबदला घेऊन हे काम करणारे वकील आणि विश्वस्त कंपन्या असतात, काही देशांत सरकारी विश्वस्तही असतो. हा मार्ग महाग आहे, पण सोयीचा आहे.

पायरी ३: मृत्युपत्र

मृत्युपत्र नसेल तर कायदा वाटणी करतो, आणि कायद्याला फक्त रक्ताचं आणि लग्नाचं नातं कळतं. जोडीदार, आईवडील, भावंडं, त्यांची मुलं अशी ठरलेली रांग असते. तिच्यात कुणीच सापडलं नाही तर सगळं सरकारजमा. वीस वर्षं तुमची काळजी घेणारी मैत्रीण, लग्नाशिवाय बरोबर राहिलेला जोडीदार, घरकाम करणाऱ्या बाई, आवडती संस्था यांपैकी कुणीही सहसा त्या रांगेत नसतं. मूल नसलेल्याला मृत्युपत्राची गरज जास्त असते ती यासाठी.

वकील मसुदा करून देईलच, पण पुढच्या गोष्टी स्वतः तपासा.

साक्षीदार तटस्थ हवेत. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीला नको. अनेक कायद्यांत साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते.

प्रत्येक नावामागे ‘ती व्यक्ती आधी गेली तर कुणाला’ हे लिहा. जेम्स स्मिथसन हा इंग्रज शास्त्रज्ञ १८२९ मध्ये जेनोआला वारला. त्यालाही मूल नव्हतं. सगळं पुतण्याला दिलं होतं आणि पुढे एक ओळ लिहिली होती: पुतण्या निपुत्रिक वारला तर रक्कम अमेरिकेला, ज्ञानाची वाढ आणि प्रसार करणारी संस्था वॉशिंग्टनमध्ये स्थापण्यासाठी. स्मिथसनने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पुतण्या १८३५ मध्ये खरोखरच निपुत्रिक गेला आणि त्या एका पर्यायी ओळीतून स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. ओळ मोघम असल्याचा त्रासही झाला. पैसे १८३८ मध्ये पोहोचले, पण ‘ज्ञानाचा प्रसार’ म्हणजे वेधशाळा, ग्रंथालय की विद्यापीठ, यावर अमेरिकी काँग्रेसचा वाद १८४६ पर्यंत चालला.

रकमेऐवजी हिस्से लिहा. आज लिहिलेली रक्कम वीस वर्षांनी चिल्लर वाटेल, किंवा आजारपणात पैसे संपून ती देताच येणार नाही. ‘देणी फिटून जे उरेल त्याचे अमुक इतके टक्के’ हे काळाबरोबर चालतं. आणि ‘वर न लिहिलेलं बाकी सगळं’ कुणाला जाईल याचं एक कलम हवंच. विसरलेली खाती त्यात सामावली जातात.

नॉमिनीचा घोळ आधीच मिटवा. खात्यावर किंवा विम्यावर नोंदवलेलं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव वेगळं असेल तर काय होतं, ते देशागणिक बदलतं. कुठे नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेऊन वारसांना पोचवणारा असतो, तर कुठे रक्कम मृत्युपत्राला वळसा घालून थेट त्यालाच मिळते. दोन्हीकडे एकच नाव असेल तर भांडणच उरत नाही. माझ्या एका ठेवीवर तीस वर्षांपूर्वीचं आईचं नाव होतं. आई जाऊन अठरा वर्षं झाली आहेत.

नातेवाईक नाराज होतील असं वाटत असेल तर सही करायच्या सुमारास डॉक्टरांकडून मन:स्थिती ठीक असल्याचा दाखला घ्या आणि कारण थोडक्यात लिहून ठेवा. कारण लिहिताना कुणाचे वाभाडे काढू नका, ते सगळ्यांसमोर वाचलं जातं.

मूळ प्रत कुठे ठेवता तेही बघा. फक्त तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवली तर लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र काढायला लॉकर उघडायला हवा. ओळखीच्या एका घरात हे घडलेलं मी पाहिलं आहे.

पायरी ४: द्यायचं कुणाला, आणि कधी

आता तो चौथा रकाना. माझं मत आधीच सांगते: थोडं तरी जिवंतपणी द्या. दान चुकलं तर ते दुरुस्त करायला तुम्ही असता, एवढं कारण मला पुरतं.

आम्ही दोघांनी एका विद्यार्थिनीची फी भरायचं ठरवलं. पहिल्याच वर्षी कळलं की फी तिला आधीच माफ होती. तिची अडचण खोलीचं भाडं आणि परीक्षेच्या महिन्यात सोडावी लागणारी अर्धवेळ नोकरी ही होती. हेच दान आम्ही मृत्युपत्रात ‘फीसाठी’ असं लिहून गेलो असतो तर पैसे वर्षानुवर्षं पडून राहिले असते आणि कुणाला त्यांना हात लावता आला नसता. आता आम्ही दर सहामाहीला एक रक्कम देतो आणि कशाला ते विचारत नाही.

मोठी रक्कम असेल तरी हेच. टाटा घराण्यातले दोराबजी आणि रतन हे दोघे भाऊ निपुत्रिक होते. रतन १९१८ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाचा न्यास पुढच्या वर्षी, त्यांच्या मागे, उभा राहिला. दोराबजींनी आपला न्यास १९३२ मध्ये स्वतः स्थापला, मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी. त्याच वर्षी, ल्युकेमियाने गेलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ, रक्ताच्या त्या आजारावरच्या संशोधनासाठी वेगळा न्यासही झाला. दोन्ही वाटा चालतात. फरक इतकाच की, दुसरीत संस्थापकाला प्रश्न विचारता येतात.

संस्थेला द्यायचं असेल तर आधी तिच्याशी बोला. नोबेलने ज्या संस्थांवर पारितोषिकं ठरवण्याचं काम टाकलं त्यांना त्याने विचारलंच नव्हतं. नातेवाईक कोर्टात गेले, संस्था का-कू करत राहिल्या, आणि १८९६ मध्ये वारलेल्या माणसाची पहिली पारितोषिकं १९०१ उजाडल्यावर दिली गेली. आमच्या घरातही याची छोटी आवृत्ती झाली. नवऱ्याने निवृत्तीच्या वर्षी अकराशे पुस्तकं एका वाचनालयाला दिली. ‘द्या की’, असं तिथलं कुणीतरी फोनवर म्हणालं होतं, तेवढंच. चार महिन्यांनी गेलो तर पोती व्हरांड्यात, आणि खालची दोन भिजून फुगलेली. चूक आमचीही होती. त्यांना जागा आहे का, यादी करायला माणूस आहे का, हे आम्ही विचारलं नव्हतं. वस्तूबरोबर तिच्या देखभालीचा खर्चही द्यावा लागतो, हे आम्ही त्या पोत्यांकडे बघून शिकलो.

कायमस्वरूपी निधीचा मोह पडतो, व्याजातून दरवर्षी बक्षीस, आपलं नाव अखंड. गणित करून बघा. शंभर रुपयांवर सात रुपये व्याज येतं आणि सातही वाटले, तर मुद्दल शंभरच राहतं. महागाई ६ टक्क्यांनी वाढत असेल तर किमती सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे त्या सात रुपयांत बारा वर्षांनी आजच्या साडेतीन रुपयांचं येईल, आणि चोविसाव्या वर्षी पावणेदोनचं. पन्नास वर्षांपूर्वीची सुवर्णपदकं आज पितळी का होतात, याचं उत्तर इथे आहे. निधी टिकवायचा तर मिळकतीतला मोठा भाग पुन्हा मुद्दलात टाकावा लागतो, आणि त्यासाठी मुद्दल आधीच भक्कम हवं. रक्कम लहान असेल तर ‘पुढच्या दहा वर्षांत सगळी खर्च करा’ असं लिहा. दहा वर्षं दरसाल एक पूर्ण शिक्षण, हे शंभर वर्षं दरसाल एका प्रमाणपत्रापेक्षा मला तरी बरं वाटतं.

लिहिताना उद्देश रुंद आणि पहिली पसंती नेमकी ठेवा: ‘ग्रामीण मुलींच्या शिक्षणासाठी, शक्यतो परिचारिका अभ्यासक्रमासाठी.’ संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि क्रमांक लिहा, आणि ती बंद पडली तर तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेची निवड व्यवस्थापकाने करावी, हेही.

पायरी ५: पेटी उघडा

पैसा माणसांपर्यंत पोचतो, पण आपण कोण होतो ते त्याबरोबर जात नाही. मावशीच्या पेटीनंतर मी माझे फोटो काढले. सगळ्यांवर लिहायचं ठरवलं असतं तर एकही झाला नसता. म्हणून साठ निवडले. प्रत्येकामागे कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता: कोण, कुठे, साधारण कुठलं वर्ष. बॉलपेन वापरू नका, शाई पुढे उमटते आणि दाबाचे वळ दुसऱ्या बाजूला दिसतात. उरलेले मी जोडीजोडीने पाहिले आणि धूसर, दुबार असलेले स्वतः फाडले. ते काम दुसऱ्यावर टाकणं म्हणजे त्याला अपराधी वाटायला लावणं.

वस्तू देताना तिची गोष्ट सांगा, आणि शक्यतो आताच द्या. शिवणयंत्र मी भाचीला दिलं तेव्हा तिला फक्त यंत्र दिलं नाही, धागा का तुटतो तेही शिकवलं. मोबाइलवर बोलून ठेवायचं असेल तर वीस मिनिटांचे तुकडे करा, सुरुवातीला तारीख आणि विषय सांगा. सलग तीन तासांचं आत्मचरित्र कुणी ऐकत नाही.

तुम्ही लिहिता, चित्रं काढता, गाणी रचता का? मग लक्षात ठेवा, बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं टिकतो, आणि पुष्कळ देशांत त्याहून जास्त. त्या काळात परवानगी कुणी द्यायची याचं नाव मृत्युपत्रात हवं. नाहीतर पुस्तक कुणाला छापायचं असूनही छापता येत नाही. सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून टाका.

पायरी ६: फोन आणि खाती

ही लवकर उरकणारी पायरी. गुगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने तुमची हालचाल दिसली नाही तर तुम्ही निवडलेल्या दहापर्यंत माणसांना तुम्ही ठरवलेली माहिती मिळते. अ‍ॅपल आणि फेसबुकमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे तुमच्यामागे खातं बघणारं माणूस, नेमता येतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल पुसून टाकू शकतं, त्यामुळे फोटो फक्त तिथेच असतील तर प्रत काढा. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, ते पुढे कितीतरी जणांच्या हातून जातं. वेगळ्या बंद पाकिटात ठेवा. फोनचा पिन मात्र विसरू नका, बाकी सगळं त्यातूनच उघडतं.

पायरी ७: देह

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नुसता अर्ज भरून भागत नाही. फोन करणारं माणूस हवं, नंबर त्याच्याजवळ हवा, आणि तुमची इच्छा त्याला पक्की ठाऊक हवी. देहदान करायचं असेल तर ज्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा त्याच्या अटी आताच वाचा. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा घेत नाहीत, तेव्हा पर्याय काय तेही लिहा. ही इच्छा मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही. ते बहुधा आठ-पंधरा दिवसांनी उघडलं जातं.

दर वर्षी एकदा

एक दिवस ठरवून टाका, वाढदिवस असो की निवृत्तीचा दिवस. वही काढायची, पत्ते आणि फोन तपासायचे, गेलेल्यांची नावं खोडायची, नेमलेल्यांना फोन करून ‘अजून तयार आहेस ना?’ विचारायचं. मृत्युपत्रातला बदल मात्र वहीत किंवा मूळ प्रतीवर खाडाखोड करून होत नाही, त्यासाठी साक्षीदारांसह नव्याने सही लागते.

यंदा मी दोन नावं खोडली, एक वाढवलं, आणि पाकीट कपाटातून काढून शिवणयंत्राच्या जुन्या खोक्यात ठेवलं. ही नवी जागा भाचीला अजून सांगितलेली नाही. लेख संपवून आधी तिला फोन करते.